कंटाळा : एका शब्दाची कुळकथा

मराठी घरांत दिवसाकाठीं जे शब्द सर्वांत अधिक वेळां उच्चारले जातात, त्यांत ‘कंटाळा’ या शब्दाचा क्रमांक बराच वर लागेल. मुलाला अभ्यासाचा कंटाळा येतो, गृहिणीला त्याच त्या स्वयंपाकाचा येतो, कारकुनाला कचेरीचा येतो आणि श्रोत्यांना वक्त्याचा येतो. वक्त्याला मात्र स्वतःचा कंटाळा कधीं येत नाहीं, हें त्याचें भाग्य व इतरांचें दुर्भाग्य! परंतु इतक्या सलगीच्या या शब्दाला ‘तूं कोठला, तुझें कूळ कोणतें’ असें सहसा कोणी विचारीत नाहीं. नित्य दारावर येणाऱ्या माणसाचें आडनांव विचारण्याचें आपणांस वर्षानुवर्षें सुचूं नये, त्यांतलाच हा प्रकार होय. प्रस्तुत लेखांत या शब्दाची व त्याच्या आप्तेष्टांची थोडी चौकशी करण्याचें आम्हीं योजिलें आहे. ही चौकशी केवळ कोशकाराच्या हौसेची नाहीं. या एका शब्दाच्या पोटांत दोन निरनिराळ्या गोष्टी नांदतात, आणि त्यांतला भेद न ओळखल्यामुळें आपल्या घरांत व शाळांत रोज थोडा थोडा अन्याय होत असतो, असें आम्हांस वाटतें.

शब्दाला साक्षीदार मानून त्याच्या तोंडून इतिहास वदवावा, ही रीत आम्हां धुळेकरांना परकी नाहीं. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं आपल्या आयुष्याचे अखेरचे दिवस धुळ्यांत काढले व ३१ डिसेंबर १९२६ रोजीं येथेंच देह ठेविला. ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचे बावीस खंड प्रसिद्ध करणारा हा पुरुष जुन्या दप्तरांच्या मागें जितका लागला, तितकाच शब्दांच्याही मागें लागला. जेथें कागद संपतो तेथें शब्द बोलूं लागतो, अशीच जणुं त्यांची श्रद्धा होती. त्यांच्या पश्चात् १९२७ सालीं येथें स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळानें त्यांचा धातुकोश १९३७ सालीं व नामादिशब्दव्युत्पत्तिकोश १९४२ सालीं प्रसिद्ध केला. राजवाड्यांच्या सर्वच व्युत्पत्ति आज विद्वानांस मान्य होतील असें नाहीं. परंतु त्यांनीं घालून दिलेला धडा मोलाचा आहे. तो धडा हा कीं, अत्यंत घरगुती शब्दसुद्धां एखाद्या ताम्रपटाइतक्या आदरानें वाचावा. पांझरेच्या दक्षिण तीरावर जुनें धुळें, उत्तर तीरावर आमचें देवपूर. तेव्हां त्या धड्याचा वारा या कांठालाही थोडा लागला, तर नवल नाहीं.

प्रथम शब्दाचें रूप पाहूं. संस्कृत ‘कण्टक’ या शब्दापासून मराठींत ‘कांटा’ झाला, जसा ‘दन्त’ यापासून ‘दांत’ झाला. आतां ‘दांत’ या शब्दाला ‘आळ’ हा प्रत्यय लागून शेतकऱ्याचें ‘दंताळें’ सिद्ध होतें. येथें ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, पुढें दीर्घ ‘आ’ येतांच ‘दां’ मधील दीर्घ स्वर आखडून ‘दं’ झाला. हाच न्याय ‘कांटा’ या शब्दास लावला असतां ‘कंटाळ’ हें रूप आपोआप हातीं येतें. ‘आळ’ हा प्रत्यय ज्यांत अमुक एक वस्तु पुष्कळ आहे असा अर्थ दाखवितो: केसाळ कुत्रा, दुधाळ गाय, रसाळ आंबा, वाचाळ मनुष्य. तेव्हां कंटाळ म्हणजे कांट्यांनीं भरलेलें. आणि फेसापासून जसें ‘फेसाळणें’, तसें कांट्यापासून ‘कंटाळणें’, म्हणजे कांट्यांनीं भरून जाणें.

माणूस कांट्यांनीं भरून जातो, तो कसा? याचें उत्तर मराठी भाषेनेंच देऊन ठेविलें आहे. ‘अंगावर कांटा येणें’ हा वाक्प्रचार आजही आपल्या तोंडीं आहे. थंडीनें कांटा येतो, भयानें येतो, आणि एखादी किळसवाणी वस्तु अंगाला लागली असतांही येतो. संस्कृत कवींना हर्षानेंही शरीर ‘कण्टकित’ झालेलें दिसत असे. प्रियजनाच्या स्पर्शानें रोमांच उठणें हा तर त्यांच्या काव्याचा ठरीव अलंकार. मराठींत मात्र या कांट्यांतला हर्ष बहुतेक गळून गेला व नकोसेपणा तेवढा उरला. ‘कांटा येतो’ आणि ‘कंटाळा येतो’: क्रियापददेखील एकच. आमच्या मतें, कंटाळ्याचा मूळ अर्थ रिकामपणाचा शीण हा नसून, नकोशा वस्तूच्या स्पर्शानें अंगाचें आक्रसणें हा होय.

या मतास व्याकरणाचीही साक्ष मिळते. कंटाळा हा नेहमीं कशाचा तरी असतो. ‘मला कंटाळा आला’ असें कोणी म्हटलें, कीं ऐकणारा लगेच विचारतो, ‘कशाचा?’ थकवा आला किंवा झोंप आली, तर ‘कशाचा’, ‘कशाची’ असें कोणी विचारीत नाहीं. ही षष्ठी विभक्ति किळस, तिटकारा, वीट, उबग या शब्दांबरोबर येते. म्हणजे व्याकरणानें कंटाळ्याला जें आसन दिलें आहे, तें थकव्याच्या पंगतींतलें नसून तिटकाऱ्याच्या पंगतींतलें आहे. शब्दाचा अर्थ पुढें कितीही पातळ झाला तरी त्याचें जुनें आसन व्याकरण सहसा मोडूं देत नाहीं.

कोणी म्हणेल, जीव कंठाशीं आला म्हणजे कंटाळा येतो. मग हा शब्द ‘कंठ’ यावरून कां नसावा? कल्पना गोड आहे, परंतु ‘ठ’ तिला आडवा येतो. कंठा, कंठी, बैलाच्या पाठीवरील कंठाळी या सर्व शब्दांत ‘ठ’ शाबूत आहे. ‘दिवस कंठणें’ यांतही तो आहे. मग एका कंटाळ्यांतच त्यानें आपला प्राण कां सोडावा? ‘उत्कंठा’ हा शब्द मात्र खरोखर कंठाचा आहे: जें पाहावयाचें त्यासाठीं मान उंच करणें. तेव्हां उत्कंठा आणि कंटाळा कानाला जवळचे वाटले तरी एक मानेंतून निघाला व दुसरा कांट्यांतून; आणि अर्थानें तर ते एकमेकांचे वैरीच आहेत.

आतां शेजाऱ्यांकडे वळूं. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत हा शब्द आहे. तेव्हां तो इंग्रजी शिकलेल्यांनीं घडविलेला नवा शब्द नव्हे. शिवाय तो एकट्या मराठीचा नाहीं. गुजराथींत ‘कंटाळो’ आहे, आणि तोही ‘आवे छे’, म्हणजे येतोच. हिंदींत या अर्थीं हा शब्द रूढ नाहीं. तेथें ‘ऊबना’ व ‘उकताना’ हीं क्रियापदें चालतात. मराठी आणि गुजराथी या दोन अंगणांच्या मध्यें जी पडवी, ती आमचा खानदेश. येथील अहिराणीला ग्रीअरसननें आपल्या भाषापाहणीच्या नवव्या खंडांत, १९०७ सालीं, मराठीच्या दालनांत न बसवितां भिल्ली भाषांबरोबर बसविलें. त्या वर्गीकरणाविषयीं मतभेद आहेत व राहतील. परंतु कंटाळ्याला या सरहद्दींची फिकीर नाहीं. अहिराणी ‘ळ’ ऐवजीं ‘य’ उच्चारते: काळा तो ‘काया’, डोळा तो ‘डोया’, आणि धुळें तें ‘धुयें’. त्याच रीतीनें कंटाळ्याचा ‘कंटाया’ होतो. तापीच्या खोऱ्यांत बाभळी-बोरींना तोटा नाहीं. बैलगाडीच्या मागें अनवाणी चालणाऱ्या येथल्या माणसाला कांटा म्हणजे काय हें सांगावें लागत नव्हतें. अशा मुलखांत मनाच्या एका अवस्थेला कांट्याचें नांव पडावें, हें अगदीं साहजिक आहे.

कंटाळ्याचीं भावंडें पाहिलीं म्हणजे आपल्या पूर्वजांनीं या अवस्थेच्या किती परी ओळखल्या होत्या, हें कळतें. ‘उबग’ हा संस्कृत ‘उद्वेग’ याचा वंशज. गीतेच्या बाराव्या अध्यायांत, ज्याला लोक उद्वेग देत नाहींत व जो लोकांस उद्वेग देत नाहीं अशा भक्ताचें वर्णन आहे. तेथें ज्ञानेश्वरांनीं समुद्र आणि जलचर यांचा दृष्टांत देतांना उबगण्याचेंच क्रियापद योजिलें आहे. म्हणजे १२९० सालीं हा शब्द मराठींत सुखानें नांदत होता. ‘वीट’ हा शब्द घ्या. रंग विटतो, कापड विटतें, आणि मनही विटतें. नवें लुगडें धुतां धुतां विटकें व्हावें, तसें रोजच्या वापरानें एखाद्या गोष्टीवरचें मन विटतें. येथें कांटा नाहीं, किळस नाहीं, केवळ रंग उडणें आहे. आमच्या मतें, पुनरावृत्तीच्या कंटाळ्याला याहून नेमका शब्द कोणत्याही भाषेंत मिळणें कठीण. फारसीकडून आपण ‘बेजार’ घेतला. त्या भाषेंत त्याचा अर्थ तिटकारा आलेला असा आहे. अरबीकडून ‘हैराण’ आला. तो मूळचा आश्चर्यचकित मनुष्य. मराठींत येतां येतां त्याचें आश्चर्य संपलें व दमणूक तेवढी राहिली. गोमंतकांतील कोंकणी बोलणारा मनुष्य ‘वाज येता’ म्हणतो. त्यालाही ही अवस्था येतेच.

या सर्वांहून निराळा, आणि आम्हांस सर्वांत मोलाचा वाटणारा शब्द, म्हणजे ‘करमणें’. ‘क्रमण’ म्हणजे ओलांडणें, पुढें जाणें. ‘जन्म’ याचा जसा ‘जनम’, तसा ‘क्रम’ याचा ‘करम’ होऊन ‘करमणें’ सिद्ध झालें. ‘कालक्रमणा’ या प्रौढ शब्दांत तेंच पाऊल उमटलेलें आहे. ‘मला येथें करमत नाहीं’ असें नवी सासुरवाशीण म्हणते, किंवा वसतिगृहांत नुकताच आलेला मुलगा म्हणतो, तेव्हां त्याचा अक्षरशः अर्थ एवढाच, कीं येथें माझा काळ पुढें सरकत नाहीं. यांत कशाचा तिटकारा नाहीं, कोणावर राग नाहीं. काळ तेवढा थांबला आहे. आणि थांबलेला काळ पुढें ढकलण्याचें जें साधन, ती ‘करमणूक’. हरिभाऊ आपट्यांनीं १८९० सालीं सुरूं केलेल्या साप्ताहिकाला हेंच नांव दिलें. पांच वर्षांनीं, १८९५ सालीं, काशिनाथ रघुनाथ मित्रांचें ‘मनोरंजन’ निघालें. ज्या समाजांत वर्तमानपत्राच्या बरोबरीनें करमणुकीचीं नियतकालिकें निघूं लागतात, त्या समाजांत कांहीं लोकांच्या हातीं न करमणारा वेळ शिल्लक पडूं लागला आहे, हें उघड आहे.

तात्पर्य, मराठींत या अवस्थेच्या दोन वाटा आहेत. एक नकोसेपणाची: कांटा, उबग, वीट. दुसरी काळाची: करमत नाहीं, दिवस कंठतों. आश्चर्याची गोष्ट ही, कीं युरोपांतील भाषांतही याच दोन वाटा पडलेल्या आहेत. फ्रेंचांचा ‘आन्वी’ हा शब्द लॅटिनमधल्या द्वेषवाचक शब्दापासून निघाला. ‘मला हें द्वेष्य आहे’ या अर्थाचा वाक्प्रचार झिजत झिजत अखेर ‘मला कंटाळा आला आहे’ येथवर येऊन पोंचला. हा आपल्या कंटाळ्याचाच सख्खा चुलतभाऊ म्हटला पाहिजे. उलट जर्मनांचा ‘लांगवाइल’ म्हणजे लांब वेळ. तो आपल्या ‘करमत नाहीं’ याचा. इंग्रजांचा ‘बोअर’ मात्र कोठून आला याविषयीं त्यांच्याच पंडितांत एकमत नाहीं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत तो एकाएकीं उगवला, आणि डिकन्सच्या ‘ब्लीक हाऊस’ या १८५२-५३ च्या कादंबरींत एक सरदारपत्नी त्यानें मरणोन्मुख झालेली दिसते. आज आपल्या मुलांना कंटाळा येईनासा झाला असून तीं ‘बोअर’ होतात. शुद्धीवाद्यांनीं यावर फार कष्टी होऊं नये. कंटाळ्यांतला कांटा लोक विसरले खरे. पण बदलेंत जो शब्द आला, तो उच्चारानें एका कांटेरी झाडाच्या फळाशींच जाऊन मिळाला, हा योगायोगही गमतीचा आहे.

येथें एक प्रश्न उभा राहतो. शब्द जुना आहे, हें खरें. पण ज्याला आपण आज कंटाळा म्हणतों ती अवस्था जुनी आहे काय? भरताच्या नाट्यशास्त्रांत तेहतीस व्यभिचारी भाव मोजलेले आहेत. त्यांत निर्वेद आहे, ग्लानि आहे, श्रम आहे, आलस्य आहे, जडता आहे, विषाद आहे. पण ज्याला केवळ कंटाळा म्हणतां येईल असा भाव त्या यादींत सांपडत नाहीं. निर्वेद हा फार मोठा आहे; त्यांतून वैराग्याकडे वाट जाते. आलस्य हें फार लहान आहे; त्यांतून अंथरुणाकडे वाट जाते. मधल्या त्या खिन्न, चुळबुळ्या अवस्थेला रंगभूमीवर जागा नव्हती. बौद्धांनीं मात्र तिला ओळखलें होतें असें वाटतें. माराच्या तीन कन्यांपैकीं एकीचें नांव ‘अरति’, म्हणजे कशांतच मन न रमणें. ज्याला एकांतांत, एकाच आसनावर, एकाच ध्येयाकडे पाहत बसावयाचें आहे, त्यालाच या कन्येची भेट प्रथम व्हावी, हें स्वाभाविक होय. चौथ्या शतकांत इजिप्तच्या वाळवंटांत राहणाऱ्या एव्हाग्रिअस नांवाच्या ख्रिस्ती तपस्व्यानें याच अवस्थेला मध्यान्हींचें पिशाच मानिलें. त्याच्या वर्णनांतला संन्यासी खिडकींतून पुन्हां पुन्हां सूर्याकडे पाहतो, आणि जेवणाची वेळ अजून किती दूर आहे तें मोजतो. दिवस त्याला पन्नास तासांचा वाटूं लागतो. शाळेच्या शेवटच्या तासाला घड्याळाकडे पाहणारा मुलगा ज्यानें पाहिला आहे, त्याला हा संन्यासी अनोळखी वाटणार नाहीं.

आपल्या समर्थांनाही हा प्रकार ठाऊक होता. दासबोधाच्या अठराव्या दशकांत ‘निद्रानिरूपण’ आणि ‘श्रोता-अवलक्षण’ असे दोन समास लागोपाठ आले आहेत. पहिल्यांत झोंपेच्या नाना तऱ्हा विनोदानें रंगविल्या आहेत, तर दुसऱ्यांत अवधान सुटलेल्या श्रोत्याची झाडती घेतली आहे. परंतु समर्थांचें निदान एकच: हा आळस होय, आणि त्याला उपाय प्रयत्न. ज्या संतानें महाराष्ट्राला यत्नाचा मंत्र दिला, त्याला तें शोभतेंच. समर्थांच्या ग्रंथांचें जतन व संशोधन करणारें वाग्देवता मंदिर आमच्या धुळ्यांतच आहे. समर्थांच्या वचनाबद्दल येथें किती आदर आहे हें निराळें सांगणें नलगे. तरीपण कंटाळा म्हणजे आळस, हें समीकरण आजच्या जगाला जसेंच्या तसें लावतां येईल काय, याचा विचार करणें प्राप्त आहे.

कारण मध्यंतरीं एक मोठी घडामोड झाली. शेतकऱ्याच्या दिवसांत काम अपार होतें, पण तें ऋतूंबरोबर पालटत होतें. नांगरणी, पेरणी, निंदणी, कापसाची वेचणी. एकोणिसाव्या शतकांत रेल्वे आली. १९०० सालीं चाळीसगांवाहून धुळ्यापर्यंत फांटा झाला. गिरणीचा भोंगा आला, कचेरीची हजेरी आली, शाळेची घंटा आली. तासाचे तुकडे सारखे झाले, आणि प्रत्येक तुकड्यांत काम तेंच राहिलें. सूर्याच्या जागीं भिंतीवरचें घड्याळ आलें, आणि त्याच्या तबकडीवर जी सुई फिरूं लागली, तिला मराठी माणसानें नांव दिलें ‘कांटा’! तराजूच्या कांट्यावरून तें नांव घड्याळाला मिळालें असेल. पण आमच्या शब्दाच्या कुळकथेंत हा प्रसंग फार अर्थपूर्ण आहे. जो कांटा पूर्वी अंगावर येत असे, तो आतां भिंतीवर जाऊन बसला. नकोसेपणाची वाट आणि थांबलेल्या काळाची वाट, या दोन्ही वाटा त्या तबकडीवर एकत्र मिळाल्या. आजचा कंटाळा या संगमावरचा आहे. तेवढ्यापुरता तो नवा आहे.

खानदेशच्या वाङ्मयानें या पालटाच्या दोन्ही बाजू जपून ठेविल्या आहेत. जळगांवजवळच्या आसोद्यांत १८८० सालीं जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. जातें, चूल, शेत यांच्या अखंड फेऱ्यांत त्या ओव्या रचीत गेल्या; १९५१ सालीं त्या निवर्तल्या व पुढच्या वर्षीं त्यांची कविता ग्रंथरूपानें लोकांपुढें आली. तीच ती जात्याची घरघर त्यांना रोज ऐकावी लागे. तिचा कंटाळा त्यांना कधींच आला नसेल, असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. पुनरावृत्तीला त्यांनीं लय दिली, एवढेंच म्हणूं. उलट पक्षीं १९६३ सालीं भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ प्रसिद्ध झाली. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर खानदेशांतल्या खेड्यांतून पुण्याच्या कॉलेजांत जातो व शेवटीं रिकाम्या हातानें परततो. त्याच्या हातीं वेळ आहे, पुस्तकें आहेत, बापाचे पैसे आहेत. पण कशांतच कांहीं अर्थ आहे असें त्याला वाटत नाहीं. अनेक वडीलधाऱ्यांनीं हा मुलगा आळशी आहे असा निकाल दिला. तरुण वाचकांनीं मात्र त्यांत आपला चेहरा पाहिला. एकाच जिल्ह्याच्या मातींतून, दहा-अकरा वर्षांच्या अंतरानें हीं दोन पुस्तकें आलीं. एकींत काम आहे व उसंत नाहीं, दुसऱ्यांत उसंत आहे व काम नाहीं.

आतां आम्ही आमच्या मूळ मुद्द्याकडे येतों. मराठी भाषेनें कंटाळ्याला दोन क्रियापदें दिलीं आहेत: ‘येणें’ आणि ‘करणें’. कंटाळा येतो, आणि कंटाळा केला जातो. हा भेद इतका सूक्ष्म व इतका नेमका आहे, कीं तो घडविणाऱ्या अज्ञात मराठी माणसांपुढें हात जोडावेत. राग येतो, झोंप येते, रडूं येतें, तसा कंटाळा येतो. तो पाहुणा आहे, न बोलावतां आलेला. त्याच्या येण्याचा दोष यजमानाकडे नाहीं. परंतु ‘त्यानें कामाचा कंटाळा केला’ असें आपण म्हणतों, तेव्हां तेथें कर्ता आहे, त्याची इच्छा आहे, म्हणून त्याची जबाबदारीही आहे. पहिला कंटाळा ही बातमी आहे. दुसरा ही कृति आहे. समर्थांचा उपदेश दुसऱ्याला उद्देशून आहे, आणि तेथें तो सर्वस्वीं खरा आहे. घोटाळा होतो तो आपण पहिल्यालाही तोच उपदेश करूं लागतों म्हणून.

मुलगा घरीं येऊन ‘मला गणिताचा कंटाळा येतो’ असें म्हणतो. वडील उत्तर देतात, ‘कंटाळा करूं नये.’ पाहा, एका वाक्यांत क्रियापद बदललें, आणि बातमी आणणारा मुलगा आरोपी झाला! कदाचित् ते गणित त्याला फार सोपें असेल, कदाचित् फार कठीण असेल, कदाचित् शिकविणाऱ्याचा स्वर तीस वर्षांत विटला असेल. ही शेवटची शक्यता शिक्षकांच्या धंद्यांतल्या मनुष्याला विशेष झोंबते. पण तेवढ्यानें ती खोटी ठरत नाहीं. तीच गोष्ट घरांतल्या बायकांची. पुरुषाला कचेरीचा कंटाळा आला तर त्याला रजा मिळते, प्रवास मिळतो, निदान सहानुभूति तरी मिळते. बाईनें ‘मला स्वयंपाकाचा कंटाळा आला’ असें म्हटलें, तर ऐकणाऱ्याच्या कानीं तें ‘तिनें कंटाळा केला’ असें पडतें. वास्तविक दिवसांत दोनदां तेंच पीठ व तोच विस्तव ज्याच्या वांट्याला आला आहे, त्याच्याइतका हा शब्द उच्चारण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाचा?

‘येणाऱ्या’ कंटाळ्याला उपाय काय, असें वाचक विचारतील. डेन्मार्कचा तत्त्वचिंतक कीर्केगार्ड यानें १८४३ सालच्या आपल्या एका ग्रंथांत या विषयावरील प्रकरणाला पिकांच्या फेरपालटाचें नांव दिलें आहे. हें नांव आमच्या कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्यांना चटकन् समजेल. ज्याला कंटाळा येतो तो शेतच बदलूं पाहतो: नवें गांव, नवा धंदा, नवी करमणूक. पण जमीन तीच ठेवून पीक व मशागत बदलणें, हा शहाण्या कुणब्याचा मार्ग आहे, असें त्या प्रकरणांतला वक्ता सुचवितो. तो वक्ता स्वतः सुखासीन असल्यामुळें त्याचें सर्वच ऐकावें असें नाहीं. एवढें मात्र घेण्याजोगें आहे. एकाच घरांत, एकाच वर्गांत कामाची वांटणी पालटणें, कधीं ऐकणाऱ्यानें बोलणें व बोलणाऱ्यानें ऐकणें, कधीं पोळपाट दुसऱ्याच्या हातीं देणें, इतकें तर कोणालाही करतां येईल. हातांतल्या पडद्यावर क्षणोक्षणीं नवें शेत दाखविणारीं यंत्रें आज घरोघर आहेत. परंतु त्यांनीं कंटाळा गेला असें दिसत नाहीं, तो फक्त अधिक उतावळा झाला आहे.

असो. आमच्या शब्दानें आपल्या कुळाचा जो पत्ता दिला, तोच शेवटीं आपल्याला वागण्याचा मार्गही दाखवितो. रस्त्यानें चालणारा मनुष्य एकाएकीं लंगडूं लागला, तर त्याला आळशी म्हणून कोणी ओरडत नाहीं. पायांत कांटा मोडला असेल हें आपल्याला कळतें. आपण त्याला कडेला बसवितों, पाऊल हातांत घेतों, आणि उजेडाकडे धरून पाहतों.